माजी विद्यार्थी दांपत्याच्या नावे शिष्यवृत्ती
माजी विद्यार्थी दांपत्याच्या गौरवार्थ स्थापन होणारी शिष्यवृत्ती अमेरिकेत बहुधा कायम निधीवर चालते. मुद्दल गुंतवून दरवर्षी त्याच्या सुमारे ४ ते ५ टक्के रक्कम वितरित होते. म्हणजे १ लाख डॉलरमागे ४ ते ५ हजार डॉलर. पेनी स्टॅम्प्स मिशिगन विद्यापीठाच्या, तर त्यांचे पती रो जॉर्जिया टेकचे पदवीधर. २००६ मध्ये उभयतांनी या दोन्ही संस्थांत गुणवत्ता शिष्यवृत्ती सुरू केली. पुढे ती अन्य विद्यापीठांतही पोहोचली. पेनी २०१८ मध्ये निवर्तल्या, शिष्यवृत्ती मात्र चालू राहिली. दात्याला निकष सुचवता येतात. लाभार्थीची निवड मात्र संस्थाच करते. नियोजित अभ्यासक्रम उद्या बंद पडल्यास निधीचा विनियोग कसा व्हावा, हे देणगीपत्रातच नमूद करणे हिताचे ठरते.