गंजलेली गाडी महाग का?

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, स्कॉट्सडेल येथे, जुन्या मोटारींचा एक लिलाव झाला. त्यात मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या एकाच जातीच्या दोन गाड्या होत्या. एक १९५५ची, पूर्ण जीर्णोद्धार केलेली, आरशासारखी चकाकणारी. दुसरी १९५६ची, रंग विटलेला, जागोजागी गंज धरलेला. पहिली सुमारे १४ लाख डॉलरना गेली आणि दुसरी सुमारे १९ लाखांना! असे का व्हावे? लोकांची हौस, एवढे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. १९५२ साली मर्सिडीजने शर्यतीसाठी एक हलकी गाडी बनवली. तिने त्याच वर्षी फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. तिच्यावर बेतलेली, ग्राहकांसाठीची ३०० एसएल फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. तिचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा होता आणि या नळ्या त्रिकोणांत जोडलेल्या होत्या. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यात दाबला की तिरका होतो. त्रिकोण होत नाही. त्यामुळे थोड्या वजनात भरपूर ताठरपणा मिळाला. पण दोन्ही बाजूंच्या नळ्या इतक्या उंच आल्या की नेहमीची दारे बसेनात. मग दारे छपरालाच बिजागऱ्यांनी जोडली. ती उघडली की गाडी पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी दिसे. इंजिनात कार्ब्युरेटर नव्हता; पंपाच्या दाबाने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाच्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींत ही सोय प्रथम हिच्यात आली. १९५७ पर्यंत अशा १,४०० गाड्या तयार झाल्या.

आता जीर्णोद्धारात काय होते ते पाहू. गाडी पूर्ण उकलतात. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढतात, सडलेला पत्रा कापून नवा जोडतात, गाद्या नव्याने शिवतात. कारागीर कुशल असेल तर गाडी देखणी होते. कधीकधी ती कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहूनही देखणी होते. पण खरवडलेल्या रंगाबरोबर पुरावाही जातो. कारखान्यात रंगाचे किती थर दिले होते, खाली कोणते अस्तर होते, वेल्डिंग कसे केले होते, जिथे नजर पोहोचत नाही तिथले काम किती ओबडधोबड सोडले होते, हे सारे मूळ गाडीच सांगू शकते. पोथीच्या नकला कितीही सुवाच्य असल्या, तरी पाठाबद्दल शंका आली की मूळ हस्तलिखितच उघडावे लागते. तसेच इथे आहे. उत्तम जीर्णोद्धार करणाऱ्यालाही नमुना म्हणून कुठेतरी हात न लावलेली गाडी लागतेच.

हा पुरावा वाचण्याची साधने आपल्या प्रयोगशाळेतलीच आहेत. बहुतेक ३०० एसएल गाड्यांचे अंग पोलादी, पण दारे आणि पुढची-मागची झाकणे ॲल्युमिनियमची. म्हणजे चुंबक अंगाला चिकटेल, दाराला नाही. पोलादी भागावरही एखाद्या ठिकाणी त्याची पकड ढिली लागली, तर तिथे पोचा बुजवण्यासाठी लांबी भरली असण्याचा संभव असतो. रंगाची बारीकशी कपची उभी धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की झाडाच्या वर्तुळांसारखे थर मोजता येतात.

मात्र ‘जसे आहे तसे’ म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पाणी आणि प्राणवायू मिळत राहिले की ती चालूच राहते, आणि हवेत मिठाचा अंश असला तर अधिक वेगाने. कोकणातल्या खिडकीचे गज पाहणाऱ्याला हे सांगायला नको. पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओल आली, तर ॲल्युमिनियम आधी झिजते. म्हणून कोरडी हवा हेच पहिले औषध. शिवाय गाडी रस्त्यावर न्यायची असेल, तर जुने टायर आणि ब्रेकच्या रबरी नळ्या बदलाव्याच लागतात. इतिहासासाठी जीव धोक्यात घालावा, असे कोणी म्हणणार नाही.

मग सीमा कुठे आखायची? जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ‘तुरीन सनद’ स्वीकारली. तिचा आशय असा, की शक्यतो जतन करावे, लागेल तेवढीच दुरुस्ती करावी आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी. नोंद असली की पुढचा अभ्यासक जुने कोणते, नवे कोणते हे ओळखू शकतो. या मताला हळूहळू मान मिळतो आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या मोटारींची स्पर्धा भरते. तिथला सर्वोच्च मान ऑगस्ट २०२४ मध्ये प्रथमच जतन विभागातील गाडीला मिळाला. ती होती १९३४ची बुगाटी टाइप ५९, शर्यतीत धावलेली आणि पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे असलेली.

या कौतुकाला एक धोकाही चिकटलेला आहे. जुनेपणाला किंमत आली की खोटा जुनेपणाही तयार होतो. रसायने लावून गंज आणता येतो, नवा रंग घासून विटका करता येतो. तिथे पुन्हा चुंबक, सूक्ष्मदर्शक आणि कागदपत्रे यांचीच मदत घ्यावी लागते.

अशी गाडी आपल्या शाळेत येणार नाही. पण ऑइलपेंटचे थरावर थर चढलेले एखादे लोखंडी कपाट बहुतेक शाळांत असते. त्याचा रंग कुठे उडाला असेल तर मुलांना भिंगातून ते थर मोजायला सांगावे. कोणता रंग आधी, कोणता नंतर, हे त्यांनी ठरवावे आणि मग शाळेच्या जुन्या नोंदींशी किंवा जुन्या शिपाईकाकांच्या आठवणींशी ताडून पाहावे. मात्र हे कपाट नव्याने रंगवायला देण्यापूर्वी करायला हवे.