सुट्या पानांची वही

साल १९४०. लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकत होती. त्यात ‘नॉर्मन अँड हिल’ या छोट्या कंपनीची कचेरी नष्ट झाली. ग्राहकांच्या नोंदी, पुरवठादारांचे पत्ते, सारे गेले. तरी कंपनी तरली. ग्रेस स्कर या तेथील कर्मचारी स्त्रीने हा तपशील स्वतःच्या फायलोफॅक्समध्ये उतरवून ठेवला होता आणि ती वही त्या रोज घरी नेत. फायलोफॅक्स हे कंपनीचेच उत्पादन, आणि हे नावही स्कर यांनीच सुचवलेले!

बांधीव रोजनिशीत जानेवारीत चुकलेली मांडणी डिसेंबरपर्यंत सोसावी लागते. कड्यांच्या वहीत जुने पान निघते, नवे बसते. वर्ष बदलले म्हणून पत्ते पुन्हा उतरवावे लागत नाहीत. १९४८ मध्ये बेल्जियममध्ये ‘अ‍ॅटोमा’ने कड्यांच्या जागी चकत्या आणल्या. पानाच्या कडेला खाचा असतात. ओढले की पान सुटते, दाबले की बसते. आजचे डिस्कबाउंड प्लॅनर याच घराण्यातले.

सुटे कागद मराठी दफ्तरांना नवे नाहीत. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि या सोयीची किंमत तिथेच कळते. बांधीव वहीतले पान फाडले तर खूण राहते. सुटे पान हलले तर काहीच उरत नाही. मोडी पत्रांत पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो, साल मात्र नसते. अशा पत्राची रुमालातली जागा बदलली, की त्याचा काळ ठरवणे संशोधकाला फार जड जाते.