जंतूचा वैरी पाण्यातच सापडला



मैंदर्गीच्या शिवारात ज्वारी अन् तूर. कोळंबीची शेती व्हायची ती खाडीकाठी, पालघर-रायगडकडे. मग तिकडची गोष्ट आपल्याला कशाला? तर रोगजंतू खाऱ्या तळ्यात असो, खुराड्यात असो की गोठ्यात, त्याच्याशी झुंजायची रीत एकच. म्हणून ही हकीकत.

आग्र्याला सरकारी प्रयोगशाळेत हॅन्किन नावाचे शास्त्रज्ञ होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळले की गुण जातो, असे त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. कारण तेव्हा उमगले नाही. पुढे १९१५ साली लंडनला ट्वॉर्ट यांना आणि १९१७ साली पॅरिसला द'हेरेल यांना जंतू मारणारा अतिसूक्ष्म घटक आढळला. द'हेरेल यांनी त्याला बॅक्टेरियोफेज, म्हणजे जंतू खाणारा, असे नाव दिले. आपण नुसते फेज म्हणू.

फेज हा एक विषाणू. तो जंतूला चिकटतो, आपले बीज आत सोडतो, आत त्याची पिलावळ वाढते आणि जंतू फुटतो. बाहेर पडलेले फेज पुढच्या जंतूवर तुटून पडतात. जंतू संपले की त्यांची वाढही थांबते.

द'हेरेल यांनी कोंबड्यांच्या टायफॉईडवर आणि म्हशींच्या घटसर्पावरही फेजचे प्रयोग केले. १९२७ साली ते पटकीच्या कामासाठी हिंदुस्थानात आले. पण १९४० नंतर पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके आली. एक औषध अनेक जंतूंवर चाले. फेजला मात्र नेमका आपलाच जंतू लागतो. त्यामुळे फेज मागे पडला.

औषध सोपे झाले, तसा वापराचा हातही सैल सुटला. कोळंबीच्या बीज केंद्रांत व्हिब्रिओ हार्वेयी हा जंतू शिरला की पिल्ले अंधारात काजव्यासारखी चमकतात आणि भराभर मरतात. औषध ओतून ओतून जंतू निर्ढावले. औषधाचा अंश राहिलेला माल परदेशी बाजारात नाकारला जाऊ लागला. तेव्हा मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील शास्त्रज्ञांनी कोळंबी शेतीच्या पाण्यातूनच या जंतूचा फेज वेगळा काढला आणि पिल्लांच्या हौदात सोडून पाहिला. फेजमुळे पिल्ले अधिक जगली, असा निष्कर्ष २००६ साली छापून आला.

मात्र फेज म्हणजे रामबाण नव्हे. कोळंबीचा पांढरे ठिपके रोग विषाणूमुळे होतो. तिथे फेज चालत नाही. जंतूही फेजला दाद देईनासे होतात, म्हणून दोन-चार जातींचे फेज मिसळावे लागतात.

यातून आपण काय घ्यायचे? आधी रोग ओळखा, मग औषध. कोंबडी झुरली किंवा शेळीला हगवण लागली की उरलीसुरली बाटली ओतू नका, पशुवैद्यकाला दाखवा. औषध दिलेच, तर सांगितलेले सगळे दिवस द्या, आणि त्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत दूध-अंडी विकू नका. आणि नदीच्या पाण्यात फेज असतो म्हणून ते तसेच पिऊ नका. पाणी उकळूनच प्या.

शंभर वर्षांपूर्वीची विद्या पुन्हा कामी येते आहे. हाताशी असलेली औषधे मात्र आपणच बोथट करू नयेत.