प्लॅस्टिकनिर्मितीतील आधारित धातू उत्प्रेरक : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पुणे-नगर मार्गावरील शिक्रापूर, सणसवाडी व रांजणगाव हा पट्टा गेल्या काही दशकांत औद्योगिक झाला. येथील शेतांतील पाण्याच्या नळ्यांत आणि वाहनांच्या सुट्या भागांत पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीन ही प्लॅस्टिके सर्रास आढळतात. उद्योगांच्या इतिहासात कारखाना, भांडवल व कामगार यांची नोंद होते; ही प्लॅस्टिके घडविणाऱ्या उत्प्रेरकाची नोंद क्वचितच होते. प्रस्तुत लेखात उत्प्रेरकनिर्मितीच्या विद्येचा महाराष्ट्राच्या संदर्भात आढावा घेतला आहे.

जागतिक पार्श्वभूमी :
पॉलिइथिलीनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत लागला. त्या पद्धतीस अतिउच्च दाब लागे. धातूचा उत्प्रेरक लागत नसे. १९५१ मध्ये अमेरिकेतील फिलिप्स कंपनीचे होगन व बँक्स यांनी आधारद्रव्यावर बसविलेल्या क्रोमियम ऑक्साइडचा उपयोग शोधला. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी टायटॅनियम क्लोराइड व अॅल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगाच्या साहाय्याने कमी दाबाखाली पॉलिइथिलीन तयार केले. १९५४ मध्ये इटलीतील ज्युलिओ नात्ता यांनी हीच दिशा पॉलिप्रॉपिलीनकडे नेली. १९६३ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. स्फटिकरूप पॉलिप्रॉपिलीनचे अमेरिकेतील पेटंट मात्र दीर्घ वादानंतर १९८३ मध्ये फिलिप्सला मिळाले. या विद्येचे आर्थिक मोल त्यावरून लक्षात येते.

उत्प्रेरकाची घडण :
क्रोमियमच्या उत्प्रेरकासाठी सच्छिद्र सिलिका क्रोमियम क्षाराच्या द्रावणात भिजवून वाळवितात व कोरड्या हवेत उच्च तापमानास तापवितात. टायटॅनियमच्या आरंभीच्या उत्प्रेरकात केवळ स्फटिकाच्या पृष्ठभागावरील अणूच कामी येत. उरलेला धातू प्लॅस्टिकमध्ये राही व तो धुऊन काढावा लागे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मॅग्नेशियम क्लोराइड हे आधारद्रव्य पुढे आले. मॅग्नेशियम व टायटॅनियमच्या आयनांचे आकारमान जवळपास सारखे असल्याने टायटॅनियम या आधारावर नीट बसते. आधारद्रव्य सेंद्रिय एस्टरसह दळून त्यावर टायटॅनियम टेट्राक्लोराइडची प्रक्रिया करीत. हवा व ओलावा लागताच उत्प्रेरक निकामी होत असल्याने हे सारे नायट्रोजनच्या वातावरणात करावे लागते. उत्पादकता इतकी वाढली की धुण्याचा टप्पाच अनावश्यक ठरला. शिवाय उत्प्रेरकाच्या कणाचा आकार प्लॅस्टिकच्या कणात उतरत असल्याने त्याच्या घडणीस अधिकच महत्त्व आले.

महाराष्ट्रातील वाटचाल :
१९६६ मध्ये तुर्भे (ट्रॉम्बे) येथे युनियन कार्बाइडचा नॅफ्था विघटन प्रकल्प सुरू झाला. १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा प्रकल्प आणि त्याच्या इथिलीनवर चालणारा पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचा कारखाना उभा राहिला. येथील उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनचे तंत्रज्ञान जर्मनीतील हेक्स्ट कंपनीचे होते. कारखाना महाराष्ट्रात आला, मूळ विद्या मात्र परदेशी राहिली.

ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे स्थान महत्त्वाचे आहे. ३ जानेवारी १९५० रोजी तिचे उद्घाटन झाले. १९८० च्या दशकात तेथील पॉल रत्नसामी यांच्या गटाने एन्सिलाइट हे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले. त्यांपैकी एक झायलीनच्या समघटकीकरणासाठी बडोद्याच्या आयपीसीएल कंपनीत वापरात आला; पॅराझायलीन हा पॉलिएस्टरचा कच्चा माल होय. आयपीसीएलमधील अनुभव असलेले स्वामिनाथन शिवराम १९८८ मध्ये प्रयोगशाळेत आले व २००२ ते २०१० या काळात तिचे संचालक होते. त्यांच्या गटाने ओलेफिनांच्या बहुवारिकीकरणाच्या उत्प्रेरकांवर दीर्घकाळ संशोधन केले.

निष्कर्ष :
यंत्रसामग्री विकत घेता येते, परवानाही मिळविता येतो. परंतु उत्प्रेरक घडविण्याची विद्या अनेक वर्षांच्या प्रयोगांतूनच साध्य होते. ठाण्यातील कारखाना आणि पुण्यातील प्रयोगशाळा यांमधील सुमारे दोन दशकांचे अंतर हेच दर्शविते. म्हणूनच औद्योगिक स्वावलंबनाचा इतिहास लिहिताना कारखान्यांच्या स्थापनावर्षांबरोबरच उत्प्रेरक कोठे व कोणी घडविला, ही नोंदही आवश्यक ठरते.