सापडलेले धन व भूमिगत निधी (जुन्नर–आंबेगाव परिसर)

मालकाच्या हातून नकळत सुटलेली वस्तू म्हणजे गहाळ धन आणि हेतुपुरस्सर पुरून ठेवलेले, पण पुढे धनी न उरलेले द्रव्य म्हणजे निधी. हा भेद धर्मशास्त्रकारांनी पूर्वीच केलेला आढळतो. मनुस्मृतीनुसार गहाळ धन राजाने तीन वर्षे सांभाळावे. त्याचे रूप, संख्या इ. खुणा बरोबर सांगणाऱ्यास ते परत द्यावे व खोटा हक्क सांगणाऱ्यास दंड करावा. निधीबाबत मात्र विद्वान ब्राह्मणास सर्व द्रव्य ठेवण्याची मुभा होती. इतरांविषयी याज्ञवल्क्यस्मृतीत आलेल्या षष्ठांशाचा अर्थ विज्ञानेश्वराने मिताक्षरेत असा लावला, की सहावा हिस्सा सापडणाऱ्याचा व उरलेला राजाचा. शब्दशः पाहता तेथे राजाने षष्ठांश घ्यावा, एवढेच म्हटले आहे!

नाणेघाटाच्या माथ्यामागील जुन्नर ही सातवाहनकालीन मोठी बाजारपेठ होती. येथील लेण्यांतील लेखांत श्रेणींकडे ठेवलेल्या दानांच्या नोंदी आहेत. नहपानाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडी डोंगरात आहे. या भागात क्षहरात व सातवाहन नाणी मिळतात. अशी नाणी सापडणाऱ्याने दडविली किंवा वितळविली, तर इतिहासाचे किती नुकसान होते, हे नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथील उदाहरणावरून कळते. तेथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छाप उठविलेला होता. क्षहरातांच्या पराभवाचा हा पुरावा निधी एकत्र राहिल्यामुळेच हाती आला.

१८७८ च्या भारतीय निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. निधी बेवारस ठरल्यास व जागेच्या मालकाशी निराळा करार नसल्यास तीनचतुर्थांश सापडणाऱ्यास व एकचतुर्थांश जागामालकास मिळतो. न कळविणाऱ्याचा हिस्सा जप्त होतो व त्यास एक वर्षापर्यंत कारावासही होऊ शकतो. शासनास निधी संपादन करावयाचा झाल्यास धातूची किंमत व तिचा एकपंचमांश एवढेच द्यावे लागते. सातवाहनांच्या तांब्याशिशाच्या नाण्यांना या हिशेबाने मिळणारे मोल अगदीच क्षुल्लक आहे. प्रामाणिक शेतकऱ्यावर हा अन्यायच होय.

निधी पुरणारा शंभर वर्षांच्या आतील असेल, तर त्याच्या वतीने हक्क सांगता येतो. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. अशा गावठाणाची जमीन संपादनाने शासनाची होते. पण तेथील जुन्या घरात कोणी पुरून ठेवलेले द्रव्य केवळ त्यामुळे शासनाचे ठरत नाही. ते पुरणाऱ्या व्यक्तीची ओळख मात्र विस्थापित कुटुंबांना पटवून द्यावी लागते. घर व शेजार पाण्याखाली गेल्यावर जुन्या स्मृतींतील ‘खुणा बरोबर सांगणे’ अवघड होते.

साध्या गहाळ वस्तूस १८७२ चा भारतीय करार अधिनियम लागू आहे. वस्तू उचलणाऱ्यावर निक्षेपग्राहकाइतकीच जबाबदारी येते. मालक शोधण्याचे वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार (कलम ३१४) गुन्हा आहे. वस्तू रस्त्यात पडलेली होती, हा बचाव पुरत नाही.