दोन बँड, दोन नावे

बँड म्हटले की आमच्या डोंबिवलीकरांच्या डोळ्यांसमोर आधी लग्नाची वरात उभी राहते. पण मी सांगणार आहे ती हकिगत निराळ्या बँडांची. चार-पाच तरुण, दोन-तीन गिटारी, एक ड्रमचा संच, आणि उरात एकच ध्यास : अमेरिका जिंकायची!

हा ध्यास लावला तो बीटल्सने. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी लिव्हरपूलची ही चार पोरे अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर गायली आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ती पाहिली. तेव्हापासून प्रत्येक इंग्रज बँडला वाटू लागले, की एकदा अटलांटिक ओलांडला की आपले भाग्य उजळलेच.

१९९१ साली वारे फिरले. सिएटलच्या बाजूने ‘ग्रंज’ नावाचे संगीत आले. चौकड्यांचे मळके सदरे, करकरणाऱ्या गिटारी आणि आतल्या आत धुमसणारे दुःख, असा त्याचा थाट. निर्वाणा या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ने जानेवारी १९९२मध्ये साक्षात मायकेल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले. मग नीटनेटक्या इंग्रज पोरांना तिथे कोण विचारतो? ब्लर हा बँड त्याच वर्षी कर्ज फेडण्यासाठी अमेरिकाभर हिंडला आणि घरच्या आठवणीने कासावीस होऊन परतला. स्वेड या बँडची कथा तर आणखी विचित्र. १९९३ साली त्यांची पहिली तबकडी मायदेशात अव्वल ठरली. पण अमेरिकेत त्याच नावाची एक गायिका आधीपासून होती. प्रकरण कायद्यापर्यंत गेले आणि तिथल्यापुरते त्यांना ‘द लंडन स्वेड’ व्हावे लागले. परक्या दारात उभे राहायचे, तर गावाचे नाव सांगणे भाग पडले!

आमच्याकडे तेव्हा गच्च्यांवर डिश अँटेना उगवत होत्या आणि केबलच्या तारा या इमारतीवरून त्या इमारतीवर चालल्या होत्या. त्या तारांतून एमटीव्ही घरात आला. आजी देवापुढे वात लावीत असताना नातू सिएटलचे गाणे ऐकत बसे. अशाच एका नातवाच्या वयाचा मी तेव्हा होतो, आणि माझे लक्ष होते ते मुंबईच्या एका बँडकडे.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ उभा राहिला. उदय बेनेगल गात, महेश तिनईकर गिटार वाजवीत. गाणी स्वतःची, पण भाषा इंग्रजी. धोबीतलावच्या रंगभवनात असे कार्यक्रम होत, तेव्हा आम्हा ठाणे-डोंबिवलीच्या मंडळींचा एक कान गाण्याकडे आणि एक डोळा घड्याळाकडे. शेवटची लोकल चुकली तर रात्र फलाटावर. १९९३ साली या बँडने आपले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. लंडनच्या पोरांवर गावाचे नाव लादले गेले. आमच्या पोरांनी सिंधूचे नाव आपणहून धारण केले. त्याच वर्षी सप्टेंबरात लॉस एंजेलिस येथे झालेल्या एमटीव्हीच्या समारंभात त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ला आशियातील प्रेक्षकांचा कौल मिळाला. त्या रात्रीचा सर्वांत मोठा मान मात्र सिएटलच्याच पर्ल जॅमने नेला. वाऱ्याची दिशा यावरून ओळखावी.

आता पुढचा हिशेब पाहा. बुश या लंडनच्या बँडने सिएटलसारखाच सूर लावला. १९९४ची त्यांची तबकडी अमेरिकेत साठ लाखांवर खपली, पण घरच्यांनी नाके मुरडली. ब्लर हरून परतला, आपल्याच लोकांची गाणी करू लागला, आणि १९९४ साली ‘पार्कलाइफ’ने त्याला मायदेशात शिखरावर बसविले. ओॲसिसने मँचेस्टरचा हेल न सोडता १९९६ साली ‘वंडरवॉल’ अमेरिकेच्या यादीत आठव्या स्थानापर्यंत नेले. पण त्याच वर्षी भावाभावांच्या भांडणात तिथला दौरा अर्धवट राहिला. तरी घरी गर्दी वाट पाहतच होती.

मुंबईच्या बँडला परतायला असे घर कुठे होते? आमच्या आख्ख्या इमारतीत त्यांची गाणी ऐकणारे आम्ही दोघे-तिघे. १९९५ साली त्यांची नवी तबकडी निघाली, त्याच वर्षी अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ घरोघर वाजू लागले, आणि कंपन्या हिंदी पॉपकडे वळल्या. १९९७ साली इंडस क्रीड विसर्जित झाला. बेनेगल न्यूयॉर्कला गेले.

इंग्रज बँडांच्या अपयशाच्या कथा आज रसाने सांगितल्या जातात, कारण त्यांना मागे घर होते. आमच्या पोरांनी घर आणि परदेश दोन्ही एकाच वेळी जिंकायला घेतले होते. २०१० साली ते पुन्हा एकत्र आले आणि २०१२ साली त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ ही तबकडी काढली. या वेळीही नाव तेच ठेवले : इंडस क्रीड.