पदवीच्या मधोमध नोकरीचे एक वर्ष

ब्रिटनमधील विद्यापीठांची माहितीपत्रके चाळताना संगणकशास्त्राच्या पानावर अनेकदा एकाच पदवीची दोन नावे शेजारी-शेजारी आढळतात. पहिले नुसते ‘बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स’, मुदत तीन वर्षे. दुसरे ‘बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स विथ अ इयर इन इंडस्ट्री’, मुदत चार वर्षे. बारावीनंतर थेट ब्रिटनमध्ये शिकू इच्छिणाऱ्या मुंबई-पुण्यातील विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना दुसरे नाव साहजिकच अधिक आकर्षक वाटते. पदवीबरोबर वर्षभराचा अनुभव आणि बहुधा पगारही! मात्र उद्योगातील हे वर्ष सहसा विद्यापीठ मिळवून देत नाही. ते विद्यार्थ्याला स्पर्धेत उतरून स्वतः मिळवावे लागते. प्रवेशपत्र हाती पडले म्हणजे नोकरी पक्की झाली, असा समज करून घेणाऱ्या कुटुंबाचा शुल्काचा, व्हिसाचा आणि वेळेचा हिशेब पुढे चुकू शकतो. म्हणूनच या अभ्यासक्रमाची रचना अर्ज करण्यापूर्वी समजून घेणे हिताचे ठरते.

शतकाची परंपरा

दोन शैक्षणिक टप्प्यांच्या मध्ये प्रत्यक्ष कामाचा टप्पा ठेवणाऱ्या या पद्धतीला ब्रिटनमध्ये ‘सँडविच कोर्स’ म्हणतात. इंग्लंडमधील संडरलँड टेक्निकल कॉलेजात १९०३ साली अभियांत्रिकीसाठी ती सुरू झाली. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाने १९०६ मध्ये ‘को-ऑपरेटिव्ह’ शिक्षणाचा असाच प्रयोग केला. ब्रिटनमध्ये १९५६ नंतर उभ्या राहिलेल्या प्रगत तंत्रज्ञान महाविद्यालयांनी ही पद्धत रुजवली. त्यांपैकी ब्रुनेल, बाथ, लफबरो, सरे, अ‍ॅस्टन आदी संस्थांना १९६६ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि सँडविच पद्धतही त्यांच्याबरोबर विद्यापीठात आली.

संगणकशास्त्राला ही पद्धत परकी नव्हती. मँचेस्टर विद्यापीठात १९४८ साली तयार झालेल्या प्रायोगिक संगणकाच्या पाठोपाठ फेरांटी या कंपनीने १९५१ मध्ये त्याच घराण्यातील व्यापारी संगणक बाजारात आणला. त्याच मँचेस्टरमध्ये, तसेच केंट, यॉर्क, शेफील्ड, लीड्स, बर्मिंगहॅम अशा अनेक विद्यापीठांत आज उद्योगातील वर्षासह संगणकशास्त्राची पदवी घेता येते. नावे मात्र वेगवेगळी आहेत. कुठे ‘इंडस्ट्रियल एक्सपीरियन्स’, कुठे ‘प्लेसमेंट इयर’, तर सरेमध्ये ‘प्रोफेशनल ट्रेनिंग’. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात कॉम्प्युटिंगच्या चार वर्षांच्या एमईंग अभ्यासक्रमात सुमारे सहा महिन्यांचा कामाचा टप्पा असतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील संगणकशास्त्राच्या पदवीत असे स्वतंत्र वर्ष नसते.

चार वर्षांची आखणी

पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग, डिस्क्रीट गणित, डेटा स्ट्रक्चर्स आणि संगणकाची रचना यांचा पाया घातला जातो. दुसऱ्या वर्षी अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग हे विषय आणि गटाने करावयाचा प्रकल्प असतो. तिसरे वर्ष उद्योगातले. विद्यार्थी जून-जुलैमध्ये कामावर रुजू होतो आणि साधारणतः नऊ ते बारा महिने पूर्णवेळ काम करतो. चौथ्या वर्षी तो विद्यापीठात परततो, निवडक विषय घेतो आणि स्वतंत्र प्रकल्प पूर्ण करतो.

कामाच्या वर्षातही विद्यार्थी विद्यापीठाचाच असतो. त्याच्यासाठी एक मार्गदर्शक प्राध्यापक नेमलेला असतो. अहवाल लिहावे लागतात, कंपनीतील वरिष्ठांचे मूल्यमापन घेतले जाते. या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरावयाचे, की केवळ उत्तीर्णतेची नोंद करावयाची, याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे स्वतंत्र असतात.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षी

नोकरीचा शोध दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. मोठ्या कंपन्या आणि बँका पुढच्या उन्हाळ्यातील जागांसाठी तेव्हाच अर्ज मागवतात, आणि अनेक जागा नाताळापूर्वीच भरल्या जातात. लहान कंपन्यांच्या जाहिराती वसंत ऋतूपर्यंत येत राहतात. अर्ज, ऑनलाइन चाचणी, प्रोग्रॅमिंगची परीक्षा, गटचर्चा आणि मुलाखत अशा पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात. विद्यापीठाचा प्लेसमेंट विभाग बायोडाटा तपासून देतो, सराव मुलाखती घेतो, जागांची माहिती पुरवतो. निवड मात्र कंपनीच करते.

येथे एक बाब सहसा नजरेतून निसटते. अनेक ब्रिटिश विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण पदवीच्या अंतिम श्रेणीत धरले जात नाहीत. उत्तीर्ण होणे पुरेसे असते. त्यामुळे ‘पहिले वर्ष रुळण्याचे’ असा समज नवख्या विद्यार्थ्यांत पसरतो. परंतु दुसऱ्या वर्षाच्या आरंभी अर्ज करताना विद्यार्थ्याजवळ दाखवण्यासाठी विद्यापीठाचे गुण असतात ते पहिल्याच वर्षाचे. उद्योगातील वर्ष हवे असेल, तर अभ्यासाला पहिल्या सत्रापासूनच लागणे आवश्यक आहे.

परदेशी विद्यार्थ्यांच्या वाटेत आणखीही अडसर असतात. संरक्षण आणि शासकीय क्षेत्रातील अनेक जागांसाठी ब्रिटिश नागरिकत्व किंवा काही वर्षांच्या वास्तव्याची अट असते. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नसल्याने स्वतःची कंपनी काढून हे वर्ष पूर्ण करण्याचा मार्गही बंद असतो.

शुल्क आणि पगार

उद्योगातील वर्षी विद्यापीठाचे शुल्क पूर्णतः माफ होत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांसाठी या वर्षाचे शुल्क वार्षिक कमाल शुल्काच्या २० टक्क्यांपर्यंतच आकारता येते. २०२५-२६ मध्ये कमाल शुल्क ९,५३५ पौंड असल्याने ही रक्कम सुमारे १,९०० पौंड झाली. भारतीय विद्यार्थ्यांना ही मर्यादा लागू नाही. त्यांच्यासाठीही अनेक विद्यापीठे सवलतीचे शुल्क ठेवतात, पण ते किती, हे त्या-त्या विद्यापीठाकडून लेखी घेणे श्रेयस्कर.

पगाराबाबतही दक्षता हवी. संगणक क्षेत्रातील बहुतेक जागा पगारी असतात. तथापि पदवीचा भाग म्हणून केलेल्या एक वर्षापर्यंतच्या कामाला ब्रिटनचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. पगार मिळाल्यास स्वतःचा राहण्या-जेवण्याचा खर्च भागू शकतो, परंतु त्यातून शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडण्याचा बेत आखणे धोक्याचे आहे. एका वाढीव वर्षामुळे आरोग्य अधिभाराचाही बोजा वाढतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड करण्यात आला असून, व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी आगाऊ भरावा लागतो.

व्हिसाचे गणित

पदवी अभ्यासक्रमाच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. उद्योगातील वर्ष हा अभ्यासक्रमाचा अविभाज्य आणि मूल्यमापन होणारा भाग असल्यास मात्र पूर्णवेळ कामाची मुभा मिळते. या काळात विद्यार्थ्याचे प्रायोजकत्व विद्यापीठाकडेच राहते. कंपनीला त्यासाठी स्वतंत्र परवाना काढावा लागत नाही. लहान कंपन्यांना याची कल्पना असेलच असे नाही. अशा वेळी विद्यापीठाचे पत्र सोबत ठेवणे उपयोगी पडते.

ठरलेल्या वेळेत जागा न मिळाल्यास विद्यार्थ्याला सामान्यतः तीन वर्षांच्या मूळ अभ्यासक्रमात वर्ग केले जाते. त्यात अपयशाचा शिक्का नसतो, पदवीही तीच राहते. परंतु विद्यापीठाला हा बदल इमिग्रेशन खात्याला कळवावा लागतो आणि व्हिसाची मुदत त्यानुसार कमी होऊ शकते. उलटपक्षी, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन पुढे जागा मिळाली, तर व्हिसासाठी नव्याने अर्ज करण्याचा खर्च आणि खटाटोप करावा लागतो.

पदवीनंतर ब्रिटनमध्ये राहून काम करण्यासाठी जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रॅज्युएट’ व्हिसाची मुदत दोन वर्षे ठेवण्यात आली होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी ती १८ महिन्यांवर आणण्याचे ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. पदवीनंतरचा अवधी असा आखडत असताना, पदवीच्या आतच मिळणाऱ्या अनुभवाचे मोल वाढते.

फायदा किती?

विद्यापीठे आणि उद्योग यांच्या सहकार्याविषयी २०१२ मध्ये सादर झालेल्या विल्सन अहवालाने सँडविच पद्धतीला उत्तेजन देण्याची शिफारस केली. संगणकशास्त्राच्या पदवीधरांतील बेरोजगारी तुलनेने अधिक का, याचा शोध घेणाऱ्या २०१६ च्या शॅडबोल्ट अहवालानेही प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर भर दिला. अर्थात, अशा जागा मुळात चुणचुणीत विद्यार्थ्यांनाच मिळतात. त्यामुळे पुढच्या यशाचे सगळे श्रेय त्या एका वर्षाला देता येणार नाही. तरीही दुसऱ्याने लिहिलेला हजारो ओळींचा जुना प्रोग्रॅम वाचणे, त्यात चूक न करता बदल करणे आणि ठरल्या तारखेला काम पूर्ण करून देणे, हे वर्गात शिकवता येत नाही. अनेक कंपन्या काम पाहून त्याच विद्यार्थ्याला पदवीनंतरची नोकरीही देऊ करतात.

आपल्याकडचा पर्याय

ही कल्पना भारतात अपरिचित नाही. पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. संस्थेच्या गोवा संकुलातील विद्यार्थ्यांनाही त्याचा लाभ मिळतो. त्यातील दुसरा टप्पा सुमारे साडेपाच महिन्यांचा असून, कामाचे ठिकाण संस्था ठरवून देते. कोइमतूरच्या पीएसजी कॉलेजात अभियांत्रिकीच्या काही शाखांचा पाच वर्षांचा सँडविच अभ्यासक्रम आहे. ब्रिटिश पद्धतीशी यांचा मुख्य फरक जबाबदारीचा आहे. येथे जागेची चिंता बव्हंशी संस्था वाहते, तिथे ती विद्यार्थ्याने वाहावयाची असते.

प्रवेशापूर्वी विचारा

विद्यापीठाची निवड करताना पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागवावीत. गेल्या तीन वर्षांत या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांना प्रत्यक्ष जागा मिळाली? त्यांत परदेशी विद्यार्थी किती होते? त्या वर्षाचे शुल्क किती? त्याचे गुण अंतिम श्रेणीत धरतात का? आणि जागा न मिळाल्यास पुढे काय? ‘आमचे अमुक कंपन्यांशी संबंध आहेत’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

बारावीत गणिताचे गुण उत्तम असणे सर्वत्र महत्त्वाचे मानले जाते. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी काही विद्यापीठे सीबीएसईपेक्षा वरची टक्केवारी मागतात, तीही आधी तपासावी. जागा मिळाली नाही तर तीन वर्षांची पदवी घेऊन परतण्याचीही तयारी ठेवून कुटुंबाने खर्चाची तोंडमिळवणी करावी. तसे केल्यास उद्योगातील वर्ष हाती आले तर तो निव्वळ लाभ ठरेल, आणि न आले तरी कुटुंबाच्या पदरी कर्जाचा अनपेक्षित डोंगर पडणार नाही.